डेव्हन रेक्स मांजरामुळे ॲलर्जी होत नाही हे खरं आहे का? साताऱ्यात हे मांजर पाळावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातला एक विक्रेता डेव्हन रेक्सचं पिल्लू देतोय. "याचे केस गळत नाहीत, ॲलर्जीवाल्यांनाही चालतं" असं तो म्हणतो. तुमच्या आईंना दमा आहे आणि घर साताऱ्यात. घ्यावं का, आणि घेतलं तर काय काय बघावं लागेल?

आधी ॲलर्जीचं, कारण तिथेच तुम्हाला गंडवलं जातंय. मांजराची ॲलर्जी मुळात केसांची नसते. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलग्रंथींत फेल डी १ नावाचं प्रथिन असतं, त्याची असते. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते, तिचे बारीक कण कोंड्याबरोबर घरभर उडतात. डेव्हनचे केस आखूड आणि विरळ, म्हणून सोफ्यावर आणि काळ्या पँटवर कमी दिसतात, इतकंच. अंग चाटायचं काही ती सोडत नाही. आमच्या ह्यांना धुळीची ॲलर्जी. आमच्याकडे डेव्हन आली त्या महिन्यात रोज पहाटे शिंकांची माळ लागायची. आता बेडरूमचं दार रात्री बंद असतं, चादरी गरम पाण्यात धुतो, आणि अधूनमधून गोळी लागतेच. काहींना या जातीचा त्रास कमी होतो हे खरं आहे, पण तुमच्या आईंना होईल की नाही हे विक्रेता सांगू शकत नाही.

आता आमच्या बाईसाहेबांबद्दल, म्हणजे आमच्या डेव्हनबद्दल. माझ्या दिराने बेंगळुरूत हौसेने घेतलेली. त्याची परदेशात बदली झाली आणि पाच महिन्यांची असताना ती आमच्याकडे सांगलीला, गावभागात आली. बास्केटचं दार उघडलं तर वटवाघळासारखे कान, चेहरा कमी आणि डोळेच जास्त, मिशा जळाल्यासारख्या तुटक्या आणि पोटावर नुसती लव. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, हिला खरूज आलीय की काय!" सासूबाईंनी मात्र पाठीवरून हात फिरवला, त्या बारीक बारीक लाटा बघितल्या आणि नाव ठेवलं कुरडई. साच्यातून नुकती पाडलेली, अजून ओली असलेली कुरडई बघा, अगदी तशी पाठ. हाताला मात्र मखमल, आणि गरम. अंगात ताप नसतो, केसांचा थर पातळ म्हणून कातडीची ऊब थेट लागते.

ही जात इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यातली. १९६० च्या सुमारास बकफास्टले गावात एका बाईंनी आसरा दिलेल्या भटक्या मांजरीला कुरळ्या केसांचा बोका झाला, त्याचं नाव किर्ली. शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये १९५० मध्येच कुरळं मांजर सापडलेलं होतं, म्हणून लोकांना वाटलं हे त्यातलंच. दोघांचा संकर केला तर पिल्लं सगळी सरळ केसांची निघाली! म्हणजे दोन्हीकडचं जनुक वेगळं. पुढे २०१० मध्ये कळलं, की डेव्हनचे कुरळे केस आणि स्फिंक्स या दुसऱ्या जातीचं बिनकेसाचं अंग ही दोन्ही एकाच जनुकातल्या वेगवेगळ्या बिघाडांची करणी आहे. हे सगळं सांगायचं कारण, कुरळं दिसलं की डेव्हन असं समजू नका. कॉर्नवॉलच्या त्या जातीचं, म्हणजे कॉर्निश रेक्सचं डोकं अंड्यासारखं लांबट, कान डोक्यावर उंच आणि पाठ कमानदार असते. डेव्हनचं तोंड आखूड, गालफडं वर आलेली, कान मोठे आणि खाली बसवलेले.

विक्रेत्याला कागद मागा. नुसता वंशावळीचा नव्हे, आईबापांच्या तपासण्यांचाही. या जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो, म्हणून आईबापांची हृदयाची सोनोग्राफी झाली आहे का विचारा. स्नायू दुबळे पडण्याचा एक आनुवंशिक आजारही आहे. त्यात पिल्लू थकलं की मान खाली टाकतं, पुढचे पाय एखाद्या उंचवट्यावर टेकवून बसतं, घास घशात अडकतो. तो डीएनए तपासणीत कळतो. गुडघ्याची वाटीही हलवून बघायला सांगा. आणि रक्तगट. आपल्याकडच्या साध्या मांजरांत बहुतेक ए गट असतो, डेव्हनमध्ये बी गटही बराच आढळतो. बी गटाच्या मांजराला चुकून ए गटाचं रक्त चढवलं तर ते जीव घेऊ शकतं. आम्ही कुरडईचा गट तपासून फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनने लिहून ठेवलाय. या प्रश्नांवर विक्रेता "अहो ताई, एकदम हेल्दी आहे" एवढंच म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. पिल्लू तीन महिन्यांच्या आत आईपासून तोडलेलं असेल तरी नको.

टकलाचा आमचा किस्सा ऐका. आल्यावर महिन्याभरात कुरडईच्या पाठीवरचे केस गेले, हातभर चट्टा. सासूबाईंनी खोबरेल तेलात हळद कालवून चोळली. सांगलीची हळद ती! मांजर पिवळं, उशा पिवळ्या, सोफा पिवळा, आणि सगळं चाटून तिला दोन दिवस जुलाब. एका डॉक्टरांनी नीट न बघताच नायट्याचं मलम लिहून दिलं, तेही तिने चाटलं. दुसऱ्यांनी चार केस उपटून बुरशीच्या तपासणीला पाठवले. काही निघालं नाही. डेव्हनची पिल्लं वाढीच्या वयात अशी केस टाकतात, तीन महिन्यांत पाठ भरून आली. पण पिल्लांना खराखुरा नायटाही होतो आणि तो माणसांना लागतो, त्यामुळे चट्टा दिसला की आधी तपासणी, मग मलम. घरातली पॅरासिटामॉल मात्र कधीही नाही, मांजराला ती विष आहे. कुत्र्यांचं पिसवांचं औषधही नको.

रोजचं काम फार नाही, पण वेगळं आहे. ब्रश शक्यतो नकोच, केस तुटतात. ओलसर मऊ कापडाने पुसलं की झालं. कानात तपकिरी मळ साठतो, तो आठवड्यातून एकदा डॉक्टरांनी दिलेल्या द्रावणाने कापसावर पुसायचा, काडी आत घालायची नाही. नखांच्या मुळाशीही तेलकट काळपट थर बसतो. ते पहिल्यांदा बघून मला वाटलं ही चुलीत जाऊन आली की काय. तो थर फार वाढला, वास आला किंवा ती कान खाजवायला लागली, तर यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, झालेलं असू शकतं. या जातीत ते होतं.

तुमच्या साताऱ्याची थंडी आमच्यापेक्षा बोचरी. कुरडई इथेसुद्धा डिसेंबरात वायफायच्या डब्यावर झोपते आणि मी कपडे इस्त्री करायला घेतले की गरम शर्टावर येऊन बसते. घोंगडीची एक घडी तिच्या नावाने ठेवा. उन्हाळ्यात उलटं, एप्रिलात पारा चाळिशीला टेकला की फरशी आणि पंखा. भर दुपारी गच्चीवर सोडू नका, विरळ केसांखाली कातडी भाजते. खायला भरपूर लागतं आणि मांसच लागतं. दूधपोळीवर मांजर जगवायचा बेत असेल तर ही जातच काय, कुठलंच मांजर आणू नका. मांसातून मिळणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य मिळालं नाही तर डोळे आणि हृदय जातं.

स्वभाव म्हणाल तर सतत अंगावर. मी फोडणी टाकत असताना खांद्यावर. दिवसभर घराला कुलूप असेल तर ही जात घेऊ नका, मांजर कुढतं. खिडक्यांना जाळी मात्र हवीच. आमच्याकडे एक जास्तीचं काम आहे: पावसाळ्यात कृष्णेवरच्या इर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की तिची बास्केट, फाइल आणि आठवड्याचं खाणं दाराशी येतं आणि मिरजेला नणंदेला फोन जातो. तुम्हाला ते नाही.

डॉक्टर आधी शोधा, मांजर नंतर. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे, तिथे चौकशी करा.

आणि टोकन देऊ नका अजून. आईंच्या दम्याच्या डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर आईंना त्याच पिल्लाजवळ तासभर बसवा, एकदा नाही, तीन-चार वेळा. विक्रेता एवढं करू देत नसेल तर सांगलीला या, कुरडई आहे. जातीचा अंदाज तरी येईल. इन्हेलर बरोबर ठेवा आणि आईंना खुर्चीत बसायच्या आधीच सांगून ठेवा, ती विचारून खांद्यावर चढत नाही.