पुण्यातल्या जुन्या देवळांत बेघरांसाठी घरं करता येतील का?

परदेशात ओस पडलेल्या चर्चेसमध्ये बेघरांसाठी कायमची घरं करतात, मग आपल्या पेठांतल्या पडक्या देवळांचं तसं का होत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी वास्तुविशारद, जुन्या इमारतींच्या दुरुस्त्या करतो. माझं म्हणणं : देऊळ सोडा, धर्मशाळा बघा.

चर्चला येणारी माणसं आटली की ते रीतसर बंद करून विकता येतं. आपल्याकडे देवळात चिटपाखरू फिरकत नसलं तरी मालक देवच. मूर्तीला कायदा व्यक्ती मानतो. आणि बिनखिडकीच्या गाभाऱ्यात खाट टाकून कुणाचं भलं होणार?

ओवऱ्या आणि धर्मशाळा मात्र मुळात मुक्कामासाठीच बांधलेल्या. अशा एका धर्मशाळेची मी मापं घेतली होती. आत जुन्या भाडेकरूंची बिऱ्हाडं, एका खोलीत दुकानाचं गोदाम. यात्रेकरू शेवटचा कधी उतरला ते पुजाऱ्यालाही आठवेना. (पुण्यात धर्मशाळेतसुद्धा आधी भाडेकरू भेटतो.) शिवाय विश्वस्तांना इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. वारसा यादीतली वास्तू असेल तर ती परवानगी वेगळी.

बांधकामात खरी गोम संडासाची. लाकडी तुळयांच्या मजल्यावर संडास काढला की गळती तुळईत मुरते आणि टोकं कुजतात. ते मागच्या अंगणात स्वतंत्रच बांधावेत. भिंतींना चुन्याचाच गिलावा करा; सिमेंटने ओल आत कोंडते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात बेघरांच्या निवाऱ्यासाठीचा निकष माणशी ५० चौरस फुटांचा होता; तो धरला तर आठ बाय दहा फुटांच्या ओवरीत एकच माणूस. वीस जणांना हजार चौरस फूट, स्वयंपाकघर आणि समुपदेशकाची खोली वेगळी.

पण हे सगळं जमवता येतं; खरा पेच अटींचा. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सुरू झालेल्या 'हाउसिंग फर्स्ट' पद्धतीत बेघर माणसाच्या हातात आधी घराची किल्ली देतात. दारू सोडलीच पाहिजे, अशी अट घालत नाहीत. आमच्या बैठकीत विश्वस्तांचा पहिला प्रश्न होता, "अंडं शिजवणार नाहीत ना?" आणि दुसरा, "आरतीला येतील ना?" माणसं वाईट नव्हती हो, देवाचं आवार म्हणून विचारत होती. तेव्हा धर्मशाळा शोधाल तर देवळाच्या आवारातून न जाता थेट रस्त्यावर दार उघडणारी शोधा.