भाड्याच्या घराचं अंगण: गवत तुमचं, निंब मालकाचा, आणि पाणी?

भाऊ, तुमची हकीकत वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. बदलीवर जळगावला आलात, कॉलनीत प्लॉटवरचं बैठं घर अकरा महिन्यांच्या करारावर घेतलं. पुढे मोठा निंब, मागे लिंबोणी, शेवगा आणि अर्धा गुंठा मोकळी जागा. मालक पुण्याला. मे महिन्यात लिंबोणी वाळली. आता पावसात मागे कमरेएवढं गवत झालंय, शेजारच्या काकूंना त्यात साप दिसला आणि कॉलनीच्या ग्रुपवर तुमच्या अंगणाचा फोटो फिरला. मालक म्हणतात, राहता तुम्ही, साफ तुम्हीच करा, आणि लिंबोणीचे दोन हजार डिपॉझिटमधून कापणार. तुमचं म्हणणं, मी घर भाड्याने घेतलंय, शेत नाही. करारात अंगणाबद्दल चकार शब्द नाही.

मी नोकरीची एकवीस वर्षं भाड्याच्या घरांत काढली. शहादा, भुसावळ, अमळनेर, मग धुळं. आता धुळ्यातच देवपुरात स्वतःचं घर आहे, खालचा मजला भाड्याने दिलाय. म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या खाऊन झाल्यात. म्हणून आधीच सांगतो, या भांडणात तुम्ही निम्मे चूक आहात आणि मालकही निम्मे चूक आहेत, फक्त दोघांचे निम्मे वेगवेगळे आहेत.

मी एक ढोबळ हिशोब धरतो. जे दर आठवड्याला वाढतं, साचतं, पडतं, ते राहणाऱ्याचं: गवत, पाला, कचरा, कुंड्या, तुंबलेली जाळी. जे तुम्ही गेल्यावरही तिथेच राहणार आहे ते मालकाचं: मोठी झाडं, कंपाउंडची भिंत, फाटक, अंगणातली फरशी, गटारीवरचा ढापा.

तेव्हा गवत तुमचं. यात वाद घालू नका. "शेत नाही घेतलं" हे वाक्य ऐकायला फक्कड आहे, पण टिकत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये 'जागा' या शब्दाची व्याख्या आहे, तिच्यात इमारतीला लागून असलेली बाग आणि मोकळी जमीनही धरली आहे. अंगण घराबरोबरच तुमच्या ताब्यात आलं. फाटकाची किल्ली तुमच्याकडे, तर आतलं गवत पुण्याहून कोण काढणार?

आणि एवढं गवत एका दिवसात होत नाही. मृगाचा पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत गाजरगवताची बोटभर रोपं दिसतात. तेव्हा माती ओली असते, रोप मुळासकट चिमटीत येतं. तेवढा एक रविवार चुकला की आषाढात मजूर लावावा लागतो. पांढरी फुलं यायच्या आत उपटा, नाहीतर पुढच्या वर्षीचं बी तुम्हीच पेरलं म्हणून समजा. हातमोजे घाला, कित्येकांच्या अंगाला त्याची खाज सुटते. मी गेल्या वर्षी आळस केला आणि पाठीवरचं ग्रासकटर घेऊन फिरणारा एक पोरगा बोलावला, तासाभरात मोकळा झाला. पण कटरने फक्त वरचं जातं. हराळी आणि लव्हाळा पंधरा दिवसांत पुन्हा हजर. मागे लिंबोणी आणि शेवगा आहेत, तेव्हा तणनाशकाच्या फंदात पडू नका.

सापाचं म्हणाल तर तो गवतासाठी येत नाही, उंदीर-बेडकांसाठी येतो, गवत त्याला फक्त आडोसा देतं. भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी कौलं, फर्निचरच्या फळ्या, रिकामी खोकी आधी हलवा, तीही काठीने, हात घालून नाही. घोणस निघाली तर मारायला जाऊ नका, सर्पमित्राला बोलवा. आणि गच्चीवर, मागच्या मोरीजवळ पडलेले डबे, टायर, कुंड्यांखालच्या थाळ्या उपड्या करा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात होतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. हेही राहणाऱ्याचंच काम. महापालिकेची माणसं टाकी बघायला आली तर ती "मालक कुठे" विचारत नाहीत, दार उघडणाऱ्याला विचारतात.

आता निंबाकडे या, इथे मालकाची बाजू लंगडी आहे. तुम्ही लिहिलंय की एक जाड फांदी वाळलेली आहे, विजेच्या तारेच्या वर आलीय आणि मालक म्हणतात "तुम्हीच एखादा माणूस बघून तोडून टाका." हे अजिबात करू नका. शहरी भागात झाडांना १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. झाड तोडायचं तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि फांद्या छाटायच्या असल्या तरी महापालिकेत अर्ज करूनच करावं. अर्ज मालकाने करायचा, झाड त्याचं आहे. शिवाय फांदी तारेजवळ आहे, म्हणजे वीज कंपनीला कळवून, लाइन बंद ठेवूनच ते काम होणार. त्या फांदीचा फोटो काढा, मालकांना पाठवा आणि खाली लिहा की ही धोकादायक आहे, आपण लवकर छाटण्याची व्यवस्था करावी. फोनवर बोलणं झालं असलं तरी लेखी पाठवा. उद्या ती शेजाऱ्याच्या गाडीवर पडली तर हा एक मेसेज तुम्हाला वाचवेल.

पाला मात्र तुमचा. शहाद्याला माझे घरमालक शेजारीच राहायचे, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. फाल्गुनात निंबाची पानगळ सुरू झाली की सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा पिवळं. मी एकदा वैतागून म्हटलं, आप्पा, झाड तुमचं, पाला मी का झाडू? ते खाटेवरून न उठता अहिराणीत म्हणाले, "झाड मनं शे भाऊ, पन सावली ते तुन्हा आंगनमा पडस ना!" त्यावर काय बोलणार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या सासरहून आलेल्या लेकींनी त्याच निंबाला झोका बांधला, तोही मला न विचारता, आणि चार दिवस माझ्या अंगणात गाणी चालली. कायद्याने ताबा माझा होता. पण आखाजीच्या झोक्याला कायदा दाखवणारा भाडेकरू खानदेशात पुढच्या वर्षी घर शोधत फिरतो.

एक करा, पाला जाळू नका. उन्हाळ्यात आजूबाजूच्या गच्च्यांवर पापड, कुरडया वाळत असतात, त्यावर राख उडाली की सगळी गल्ली तुमच्या दारात. तो पाला झाडांच्या आळ्यात घाला. का ते पुढे येतंय.

खरं भांडण पाण्याचं आहे, आणि ते तुम्हा दोघांपैकी कोणीच उघड बोललेलं नाही. पुण्यात बसून मालकांना वाटतं, नळीने पाच मिनिटं पाणी सोडलं की झालं. इथला मे त्यांच्या लक्षात नाही. पारा ४४-४५ ला, नळाला पाणी दिवसाआड आलं तर नशीब, काही भागांत त्याहून उशिरा. आलेलं पाणी आधी पिण्याचं भरायचं, मग वापरायच्या टाकीत, मग कूलरमध्ये, आणि कूलर तर रात्रभर पाणी पितच असतो. बोअर आखाजीपर्यंत टिकला तर टिकला. नंतर टँकर. अशात लिंबोणीला पाणी घालायचं म्हणजे कोणाच्या तरी वाट्याचं काढून घालायचं.

एका मे महिन्यात खालच्या मजल्यावरच्या ताईंनी मला सरळ विचारलं होतं, "काका, लेकरांची आंघोळ की तुमचा मोगरा?" मी वर चहा पीत बसलो होतो. लाज वाटली. तेव्हापासून आमच्याकडे असं ठरलंय: घरखर्चाचं पाणी त्यांचं. फाल्गुन ते ज्येष्ठ झाडांसाठी टँकर मागवावा लागला तर निम्मे पैसे माझे, आणि बोअरच्या मोटरचं बिल त्या काळापुरतं मीच भरतो. पाणी घालायचं काम त्यांचं. मला झाडं हवीत तर त्यांची तहान माझ्याच खिशातून भागली पाहिजे, हे मला उशिरा कळलं.

आणि पाणी लागतंही कमी, जर आळं नीट असेल. बुंध्याला चिकटून खड्डा नको. बुंध्यापासून हातभर सोडून गोल आळं करा, त्यात निंबाचा वाळलेला पाला वीतभर जाड पसरा, तोच जो तुम्ही झाडून जाळणार होता. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी रोज त्यात ओतायचं आणि एक दिवसाआड संध्याकाळी दोन बादल्या. आमच्या मोगऱ्याशेजारची लिंबोणी दोन उन्हाळे एवढ्यावर निभावली. साबणाचं पाणी नको. कूलरच्या टाकीच्या तळाचं पाणीही नको. ते उडून उडून क्षार मागे उरतात, टाकीत पांढरा थर बसतो तो त्याचाच.

भिंतीचंही सांगून ठेवतो, कारण पुढचं भांडण तिथून निघेल. आपल्या बहुतेक कॉलन्या काळ्या मातीच्या शेतांवर उभ्या आहेत. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. माझ्याकडे वॉशिंग मशीनचं पाणी दोन वर्षं कंपाउंडच्या पायाशी पडत होतं. भिंतीची आतली बाजू कायम ओली, रस्त्याकडची कोरडी. तिसऱ्या उन्हाळ्यात हाताची चार बोटं जातील एवढी भेग पडली आणि भिंत बाहेर झुकली. मी रागारागाने भाडेकरूवर गेलो. मग गवंड्याने दाखवलं, की तो पाइप घर बांधताना मीच तिथे सोडला होता. खर्च मी केला. तुमच्याकडे भिंतीलगत आळी असतील, पाणी साचत असेल, तर मालकांना कळवा. तुम्ही स्वतः तिथे वाफा केला असेल तर मात्र भेग तुमच्या गळ्यात येऊ शकते.

कायद्याचा आधार किती? त्याच १९९९ च्या अधिनियमाचं कलम १४ म्हणतं, वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. हे वाचून लगेच भाडं कापायला बसू नका. कलमाचा शब्द 'भाडेकरू' आहे आणि तुमचा करार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक काळ राहायच्या परवानगीचा आहे. कायदा त्या दोघांना वेगळं धरतो. वकिलाला विचारल्याशिवाय एक रुपयाही परस्पर कापू नये.

त्यापेक्षा कलम ५५ बघा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सही लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. तुमचा करार नोटरीचा आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे दोन हजार कापायची भाषा मालकांनी जरा सांभाळूनच करायला हवी. हे त्यांना धमकीसारखं सुनावू नका. नवीन करार नोंदवायची वेळ आली आहे, ऑनलाइन होतो, त्या निमित्ताने अंगणाचंही लिहून घेऊ, असं म्हणा.

काय लिहायचं? माझ्या करारात हे आहे, हवं तर उचला: "अंगणातील झाडलोट, गवत काढणे, कुंड्या व झाडांना पाणी घालणे हे राहणाऱ्याने करावे. मोठ्या झाडांची छाटणी, त्यासाठीची परवानगी, कंपाउंड, फाटक व सांडपाण्याची लाइन यांची दुरुस्ती मालकाने करावी. उन्हाळ्यात झाडांसाठी विकत आणलेल्या पाण्याचा खर्च निम्मा-निम्मा. पाणी न मिळाल्याने किंवा रोगाने झाड वाळल्यास डिपॉझिटमधून कपात होणार नाही." शेवग्याच्या शेंगांचंही लिहा, हसू नका. अमळनेरला आमचे मालक फोन न करता शेंगा तोडायची आकडी घेऊन मागच्या दाराने यायचे, बायको न्हाणीघरात असली तरी. मालकाला जागा बघायचा हक्क आहे, पण आधी कळवून, वाजवी वेळी. शेवटी आम्ही ठरवलं, शेंगा राहणाऱ्याच्या, आणि आप्पांसारखा शेजारी मालक असेल तर एक जुडी त्यांना पोचवायची.

ग्रुपवर फोटो टाकणाऱ्याला उत्तर देत बसू नका. या रविवारी गवत काढा आणि त्याच कोपऱ्यात उभं राहून नवा फोटो टाका. मालकांना पाठवायलाही तोच होईल.

आणि लिंबोणी मेली हे कोणी ठरवलं? पानं गळाली म्हणजे मेली असं नसतं. उद्या सकाळी बुंध्याच्या खालच्या भागात नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर ती जिवंत आहे. वरच्या वाळक्या काड्या, जिथे हिरवं लागतं तिथपर्यंत, धारदार कात्रीने कापा, आळं मोकळं करा आणि वाट बघा. कागदी लिंबू आपल्याकडे बहुतेक बियांवरचंच असतं, त्यामुळे बुंध्यातून फुटलं तरी लिंबूच येईल. खरवडल्यावर काय दिसतं त्याचा फोटो इथे टाका. आत तपकिरी आणि कोरडं निघालं, तर दोन हजारांचं बोलू.