तुला चमचाभर तूप, आजोबांना शास्त्रापुरतं

लाडक्या मनू,

रविवारी सांगलीला व्हिडिओ कॉल चालू असताना तू आजीला विचारलंस, "मला वरणभातावर चमचाभर तूप घ्यायला सांगतेस, मग आजोबांना शास्त्रापुरतंच का?" आजी म्हणाली, "तुझं वाढतं वय आहे, बाळा." तुला ते पटलं नाही. मला मात्र त्यात बरंच तथ्य वाटतं.

कोलेस्टेरॉल म्हणजे वाईटच, असं तू ऐकून आलीस. पण तुझ्या प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असतं. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आवरणही जास्त लागणार. त्यासाठी पेशी थोडं कोलेस्टेरॉल स्वतः बनवते, थोडं एलडीएल कणांतून, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांतून घेते. हे कण आत ओढून घेणारे रिसेप्टर मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी आपल्याच डॅलसमध्ये शोधले. त्यांना 1985चं नोबेल मिळालं.

रिसेप्टर किती असावेत हे त्यांच्या जनुकाची नक्कल किती वेळा निघते त्यावर ठरतं. पेशीत कोलेस्टेरॉल कमी पडलं की एसआरईबीपी नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि नकला वाढतात. पुरेसं झालं की कमी होतात. पण आणखी एक निरोप असतो, तो वाढीचा. परवा तुझा गुडघा फुटला ना, तेव्हा रक्तातल्या प्लेटलेट्सनी पीडीजीएफ नावाचा ग्रोथ फॅक्टर सोडला. तो पेशीला बाहेरून चिकटतो, आत एकाकडून दुसऱ्याकडे निरोप जातो आणि एलडीएल रिसेप्टर वाढतात. पेशी दुभंगण्याआधीच सामान मागवलं जातं! मला हे फार सुंदर वाटतं.

आजोबांचं वेगळं आहे. रक्तातलं एलडीएल मुख्यतः यकृत उचलतं, आणि वय वाढतं तसं ते काम मंदावतं. त्यात तुपातली संपृक्त चरबी यकृतातले रिसेप्टर आणखी कमी करते. मग एलडीएल रक्तातच साचतं, आणि ते हृदयाला बरं नाही. म्हणून आजीचा हात आखडता. त्यांची रात्रीची स्टॅटिनची गोळी यकृताला कोलेस्टेरॉल बनवू देत नाही. मग यकृताला ते कमी पडतं, तेच रिसेप्टरचं जनुक जागं होतं आणि रक्तातलं एलडीएल उचललं जातं.

तूप खाल्ल्याबरोबर रूप येत नाही, मनू, उंचीही नाही. लागणारं कोलेस्टेरॉल तुझं शरीर स्वतः बनवतं. आजीचा चमचा चवीसाठी आणि मायेसाठी घे, पण एकच. आणि पुढच्या रविवारी ही गोळीची गोष्ट आजोबांना तू सांग. ते रोज कुरकुरत घेतात ती.

तुझी,
आई