आजच्या स्त्री कलाकार सारख्या देवीच्या पुराणकथांकडेच का वळतात? हा स्त्रीवाद आहे की परदेशात खपणारा माल?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की शिल्पकलेच्या पदव्युत्तर प्रबंधाला हा विषय घ्यायचाय, आणि तुमचे मार्गदर्शक म्हणाले, "बाईला काही सुचलं नाही की ती देवी काढते." हे वाचेपर्यंत माझा गॅसवरचा चहा उतू गेला. हे वाक्य मी ओळखते. माझ्या वेळी त्यात 'काढते'च्या जागी 'थापते' होतं, एवढाच फरक.

मी मातीत काम करते. आता सांगलीत मुलांना चाक आणि भट्टी शिकवते, पण वीसेक वर्षांपूर्वी मी एका कला महाविद्यालयात शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला होते. त्याआधीच्या हिवाळ्यात आमची सहल तेरला गेली होती. तेर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं जुनं तगर, सातवाहनांच्या काळातली मोठी बाजारपेठ, हे तुम्हाला माहीत असणारच. सगळा वर्ग तिथल्या संग्रहालयातल्या प्रसिद्ध हस्तिदंती बाहुलीभोवती घोळका करून उभा होता. मी मातीच्या कपाटापाशी अडकले. तळहातावर मावतील एवढ्या मूर्ती, काही पांढऱ्या केओलिन मातीच्या. दोन भागांच्या साच्यात काढून सांधलेल्या, आतून पोकळ. सांध्याची रेघ कानामागून खाली उतरलेली स्पष्ट दिसते. म्हणजे कुणीतरी अंगठ्याने ती पुसायचा कंटाळा केला होता. दोन हजार वर्षांपूर्वीचा कंटाळा! तिथेच मी लज्जागौरी या प्रकाराच्या नादी लागले. मांड्या दोन्हीकडे फाकवलेली, बाळंतपणाला बसल्यासारखी देवी. तेर, भोकरदन इथे ती मातीत सापडते, पुढे बदामीच्या संग्रहालयातल्या दगडी मूर्तीत मानेवर डोक्याऐवजी कमळ फुललेलं दिसतं. या देवीचं मूळ, तिचं नाव, तिचं रेणुकेशी नातं, यावर लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेऱ्यांनी इतकं लिहून ठेवलंय की मी इथे उष्टं वाढत नाही.

तर मी शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनासाठी तीच करायला घेतली. दीड फुटाची, लाल मातीत, मानेवर कमळ. पहिली मूर्ती हौसेने भरीव केली. मांड्या भरगच्च हव्या होत्या ना. रात्री भट्टीत 'फट्' असा आवाज झाला, मग आणखी दोनदा. सकाळी झाकण काढलं तर उजवी मांडी शेजारच्या मुलाच्या घोड्यात घुसलेली. सर म्हणाले, "आत पाणी राहिलं. पोकळ कर, भिंत बोटभर ठेव आणि वाफेला भोक ठेव." हे श्रेय त्यांचं. हात शिकवायला माणूस पक्का होता. दुसरी मूर्ती मी पोकळ केली, वाफेचं भोक पाठीला ठेवलं, कारण पाठ कोण बघतंय? पाठ घासलीसुद्धा नाही. ती तडा न जाता भाजून निघाली. कमळाच्या तीन पाकळ्यांवर धुराचा काळा डाग आला होता, तो मला फार आवडला.

प्रदर्शनाच्या सकाळी नऊला मी हॉलमध्ये गेले तर मूर्तीचं तोंड भिंतीकडे. म्हणजे तोंड तिला नव्हतंच, तुम्हाला कळलं असेल मी काय म्हणतेय ते. पाहुणे यायचे होते, संस्थेची माणसं यायची होती. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काही सुचत नाही म्हणून देवी थापलीस, तीही ही असली. देवीच करायची तर दुर्गा कर. शक्ती दाखव." अकराला पाहुणे आले. सगळी रांग बघत माझ्या कामापाशी थांबले. समोर लाल मातीचा एक ओबडधोबड गोळा आणि मधोमध भोक. त्यांनी विचारलं, "हा माठ का?" सर म्हणाले, "हो, प्रयोग आहे." पाहुणे म्हणाले, "छान. पाणी गार राहत असेल." मी तिथेच उभी होते. दोन्ही हातांनी ती फिरवायला एवढीशी ताकद लागली असती. फिरवली नाही.

आता सरांचं सांगते. ते आयुष्यभर गणपती करत आले. नाचणारा, झोपलेला, तबला वाजवणारा. कुणी त्यांना विचारलं नाही, की सर, काही सुचत नाही का? आणि "दुर्गा कर" म्हणताना जी दुर्गा त्यांच्या डोळ्यांपुढे होती ती तरी कुठली? राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि तिथल्या तसबिरींनी लक्ष्मी-सरस्वतीला जे साडी-चोळीचं, गोऱ्या गोमट्या चेहऱ्याचं रूप दिलं ते घराघरांत गेलं. आपण त्यालाच 'पारंपरिक' म्हणतो. एका पुरुषाने देवीला साडी नेसवली ती परंपरा, आणि एखादी बाई साडीच्या आधीची देवी शोधायला गेली की तिला काही सुचत नाही!

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. ज्या चांगल्या आहेत त्या कथेसाठी देवीकडे जातच नाहीत, शरीरासाठी जातात. कॅलेंडरवर जे शरीर मिळत नाही ते त्यांना हवं असतं. शिल्पकार मृणालिनी मुखर्जींचं काम घ्या. बडोद्याला चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकलेली ही बाई हेंपच्या तंतूंचा जाड दोर रंगवून, विणून नव्हे, गाठीवर गाठ मारत माणसाहून उंच आकृत्या उभ्या करायची. आपल्या आया-मावश्यांनी कुंड्या टांगायला मॅक्रमे केलं, त्याच जातीचं काम. नावं काय, तर 'देवी', 'यक्षी', 'वनश्री'. ना आयुध, ना वाहन. नुसत्या घड्या, ओठ, पाकळ्या, पोट. असल्या दोरकामाला 'हस्तकला' म्हणून बाजूला सारणारे पुष्कळ होते. 2015 साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन सुरू झालं आणि आठवड्याभरातच त्या गेल्या. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ते काम मांडलं, मग आपल्याकडे सगळ्यांना ते आधीपासून आवडत होतं.

गोगी सरोज पाल यांची कामधेनू बघा, गाईचं धड आणि बाईचा चेहरा. जिला सगळे मागतात, तिला काय हवं हे विचारायची पद्धत नाही, असं मला ते चित्र बघून वाटतं. भारती खेर यांनी दक्षिणेत नवरात्रात मांडतात त्या गोलूच्या मातीच्या बाहुल्या घेतल्या, फोडल्या, एकीचं धड दुसरीला जोडलं. त्यातूनच पुढे 2022 साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या कडेला अठरा फुटी ब्राँझची आई उभी राहिली, अंगावर तेवीस लेकरांची डोकी घेऊन. सुतपा बिस्वास यांनी 1985 मध्ये इंग्लंडमध्ये काली रंगवली ती स्वयंपाकघरातली सुरी घेतलेली गृहिणी. गोऱ्यांच्या कलेतिहासात स्वतःला जागा नाही म्हटल्यावर ती घरून काय घेऊन येणार? तिची गरज आणि मृणालिनीबाईंची गरज एक नाही. प्रबंधात या सगळ्यांची एकच मोट बांधू नका.

खपतं का? खपतं. न खपणारं काम करून कुणाची भट्टी पेटते ते मला दाखवा. सरांचे गणपतीही खपायचे, दर भाद्रपदात.

थोडी माघार आता घेते. वाईट काम ढिगाने आहे. आठ मार्चला दहा हातांत लॅपटॉप, लाटणं आणि बाळाची बाटली दिलेली दुर्गा मीही बघते, आणि मान वळवते. तुमचे मार्गदर्शक त्याबद्दल बोलले असतील तर ते बरोबरच बोलले. दुसरं, वरची सगळी कामं मी समोरून पाहिलेली नाहीत, खेरबाईंचं ब्राँझ फक्त फोटोत पाहिलंय. तिसरं, चित्रकार नलिनी मालानी यादीत हव्यात असं कुणी म्हणेल, पण त्यांची सीता आणि ग्रीक पुराणातली मेडिया या फसवल्या गेलेल्या बायका म्हणून येतात, तो वेगळा प्रबंध होईल. आणि तेरच्या त्या मूर्ती बाईने घडवल्या की पुरुषाने, याचा काहीच पुरावा नाही. मी त्यांना 'आपल्या' म्हणते ते माझं मन.

सुरुवात कुठून करू म्हणता, तर तेरला जा. इंटरनेटवरचे फोटो नकोत. बदामी नंतर. मार्गदर्शकांना विषय कागदावर देताना मूर्तीचा फोटो पहिल्याच पानावर लावा, समोरून काढलेला. ते काय म्हणतात ते तेव्हाच कळू दे, प्रदर्शनाच्या सकाळी नको. मार्गदर्शक बदलायचा असेल तर तोच दिवस.

माझी मूर्ती आता गच्चीवर आहे, तोंड रस्त्याकडे. समोरच्या काकूंनी दोन वर्षं काही विचारलं नाही, मग एकदा कढीपत्ता न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "ती तुमची बाई पावसात भिजते हो." मी तिच्यावर पत्रा घातला.

आणि मातीत काही करणार असाल तर वाफेचं भोक तळाला ठेवा. पाठीला नको.