पुराची गाडी गळ्यात मारली, आता काय करू?

प्रश्न: मी कागलचा. चार महिन्यांपूर्वी कोल्हापुरातल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून २०१८ ची गाडी ४ लाख ६० हजारांना घेतली, त्यातले तीन लाख कर्जाचे. महिन्याभरात पॉवर विंडो गेल्या, मग मीटर, आता गाडी स्टार्टच होत नाही. उद्यमनगरातल्या मेकॅनिकने मॅटिंग उचललं, तर खाली वाळलेला गाळ. घेण्याआधी मी व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, तेव्हा 'पुराची गाडी न्हाई, बिनघोर घ्या' असं उत्तर आलं होतं. आता विक्रेता म्हणतो, 'जशी आहे तशी' घेतो म्हणून सही केलीस, माझा संबंध संपला. हप्ते थांबवू का? पोलिसांत जाऊ? की गपचूप विकून टाकू?

उत्तर: आधी एक काम करा. गाडीला हात लावू देऊ नका. वायरिंग बदललं, गाळ धुऊन काढला, की तुमचा पुरावा गेला. मॅटिंगखालचा गाळ, सीटच्या बोल्टचा गंज, वायरिंगच्या जोडांवरचा हिरवा थर, पूर्ण ओढून बाहेर काढलेल्या सीटबेल्टवरचे डाग, सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ घ्या. मेकॅनिककडून लेटरहेडवर लेखी अहवाल घ्या आणि गरज पडली तर प्रतिज्ञापत्र देशील का, हे त्याला आत्ताच विचारा. ऐन वेळी 'साहेब, मला यात ओढू नका' म्हणणारे बरेच भेटतात.

दुसरं, चासी नंबर देऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे गाडीचा इतिहास मागा. पूर आला त्या २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ती टो करून आली होती का, पाणी गेल्याची नोंद आहे का, हे पाहा. जुन्या पॉलिसीवरून विमा कंपनीकडे पुराचा दावा झाला होता का, तेही कळू शकतं. कोणी कागद द्यायला तयार नसेल, तर ते हजर करण्याचा आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो.

आता त्या सहीबद्दल. 'जशी आहे तशी' या शब्दांना काहीच किंमत नाही, असं मी म्हणणार नाही. झिजलेले टायर, दमलेला क्लच, उडालेला रंग याबद्दल तुम्हाला आता बोलता येणार नाही. वस्तुविक्री अधिनियम १९३० चं कलम १६ सुद्धा सांगतं, की खरेदीदाराने माल तपासला असेल तर तपासणीत दिसायला हवेत असे दोष त्याच्या माथी. पण रंकाळा तलावाला गाडीची एक फेरी मारताना कोणी मॅटिंग उचकटून बघत नाही. आणि मुद्दाम लपवलेली गोष्ट सहीने झाकली जात नाही. ठाऊक असलेली वस्तुस्थिती दडवणं आणि खोटी आहे हे माहीत असून खरी म्हणून सांगणं, दोन्ही करार अधिनियम १८७२ च्या कलम १७ प्रमाणे कपट आहे. तुमचा तो व्हॉट्सॲप मेसेज या प्रकरणाचा कणा आहे. फोन बदलू नका, चॅट पुसू नका, आणि प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा.

विक्रेता बहुधा म्हणेल, 'मी मधला माणूस, गाडी मूळ मालकाची.' १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९सी मध्ये करायची असते. तशी नोंद असेल तर त्या काळापुरता विक्रेताच मालक धरला जातो. अधिकारपत्रच नसेल, तर तेही तक्रारीत लिहा. मूळ मालकालाही पक्षकार करा. मात्र गाडी शेजाऱ्यापाजाऱ्याकडून थेट घेतली असती, तर ग्राहक कायदा सहसा लागला नसता, दिवाणी दावाच करावा लागला असता.

स्पीड पोस्टाने, पोहोच मिळेल अशी, पंधरा दिवसांची नोटीस द्या. दाद लागली नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही (मी स्वतः वकील, हे माझ्याच पोटावर पाय देऊन सांगतोय). मुदत दोन वर्षांची आहे, तरी थांबू नका, कारण जितका उशीर तितकं 'दोष नंतर झाला' म्हणायला त्याला सोपं. तज्ज्ञाकडून तपासणीचा अर्ज पहिल्याच तारखेला द्या. गाडी परत घेऊन पैसे व्याजासह द्यावेत ही मुख्य मागणी ठेवा. ते नाही तर दुरुस्तीचा खर्च आणि भरपाई.

हप्ते थांबवू नका. कर्जाचा करार बँकेशी आहे, तिला गाळाशी देणंघेणं नाही. थकलात तर गाडी उचलली जाईल आणि तुमचा सिबिल बिघडेल. भरलेलं व्याज भरपाईत मागा.

पोलिसांत तक्रार जरूर द्या, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली. पण 'हा दिवाणी मामला आहे' हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा आणि पैशांसाठी त्या वाटेवर विसंबू नका.

राहिलं विकून टाकणं. आता तुम्हाला गाळाचं माहीत आहे. न सांगता विकलीत, तर पुढचा घेणारा हाच कायदा तुमच्यावर उगारेल, आणि तुमच्या तक्रारीतला मुख्य पुरावा दुसऱ्याच्या दारात उभा असेल. विकायचीच झाली तर आयोगाची तपासणी झाल्यावर, आयोगाला कळवून, आणि विक्रीच्या कागदावर 'पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी' असं लिहून.