विंडोज १० संपलं म्हणून घरी मॅक मिनी घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी २०१७ मध्ये असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे (आय५-७४००, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क). विंडोज ११ त्यावर चढत नाही. वडील जुन्या श्री-लिपीवर (मराठी मजकुराचं आणि फाँटचं सॉफ्टवेअर) मजकूर करतात, सोबत यूएसबी लॉक आहे, म्हणजे जे लावल्याशिवाय श्री-लिपी चालत नाही ते छोटं यंत्र. तुम्ही घरून दोन दुकानांचं टॅली आणि जीएसटी बघता. अकरावीतला मुलगा कोडिंग शिकतो आणि व्हॅलोरंट खेळतो. प्रिंटर कॅननचा एलबीपी २९००. भावाच्या घरचा मॅक मिनी बघून तोच घ्यावा असं वाटतंय.

मॅक मिनी चांगलं यंत्र आहे, पण तुमच्या घरात एकमेव कॉम्प्युटर म्हणून तो बसणार नाही. का, ते कामागणिक सांगतो.

आधी घाई किती आहे ते बघू. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळते. त्यासाठी विंडोज १० ची आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन हवं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो. विंडोजच्या सेटिंग्ज त्या खात्याशी सिंक करायला दिल्या की वेगळे पैसे पडत नाहीत. ही नोंदणी आजच करून टाका, म्हणजे निवांत विचार करता येईल.

विंडोज ११ न चढण्याचं कारण अनेकदा बायोसमधलं, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमधलं, एक बंद सेटिंग असतं. इंटेलच्या बोर्डावर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ सुरू केलं की ‘टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही’ ही तक्रार जाते. तुमच्या बाबतीत मात्र अडचण प्रोसेसरचीच आहे. विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरची यादी साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते आणि ७४०० सातव्या पिढीचा आहे. तपासणी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे भेटतील, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यावर बँक आणि जीएसटी चालतं, त्यावर हा प्रयोग नको.

आता वडिलांचं काम. खरी गाठ तिथेच आहे. लॉकचा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी आतल्या थरात चालतो आणि तो इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठी बांधलेला असतो. आजचे मॅक एआरएम जातीच्या चिपवर चालतात. पूर्वी मॅकवर बूट कॅम्पने सरळ विंडोज टाकता यायचं, ती सोय या चिपवर नाही. पॅरलल्स किंवा व्हीएमवेअर फ्यूजन या, मॅकच्या आत विंडोज चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये विंडोज ११ ची एआरएम आवृत्ती चालते आणि ती साधे इंटेलवाले प्रोग्रॅम भाषांतर करून चालवतेही. पण हे भाषांतर प्रोग्रॅमचं होतं, ड्रायव्हरचं होत नाही. लॉकला यूएसबी-सीचा जोड लावून ते मिनीत खुपसाल, दिवा लागेल, आणि श्री-लिपी म्हणेल लॉक सापडलं नाही.

म्हणून जुना डेस्कटॉप विकू नका. इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा आणि तो वडिलांच्या टेबलावर श्री-लिपीपुरता राहू द्या. नेट नसलं की अपडेट थांबल्याचा धोका पुष्कळच कमी होतो. उरते पेन ड्राइव्हची ये-जा, तेवढी सांभाळा.

त्याच मशीनवर, लॉक धड आहे तोवर, जुन्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, काढून घ्या. कॉम्प्युटर कुठलाही घेतला तरी हे करावंच लागेल. श्री-लिपीच्या जुन्या फाँटमध्ये अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे फाँट नसलेल्या मशीनवर सगळा मजकूर अगम्य चिन्हांचा दिसतो. जुन्या फाँटचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर वापरल्यावर पहिलं पान डोळ्यांनी वाचाच. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं. कन्व्हर्टर इथे चुकला की ‘किती’चं ‘िकती’ होतं आणि ‘धर्म’चं ‘धमर्’. तिसरी चूक लबाड आहे, कारण ती चूक वाटतच नाही: डोंगरातल्या ‘दऱ्या’ समुद्राचा ‘दर्या’ होऊन येतात. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ॲ’ आणि ‘ऑ’ असलेले शब्दही शोधून बघा. प्रत्येक फाइलची फाँटसकट पीडीएफ वेगळी ठेवा, म्हणजे मांडणी तरी हातात राहते. काम पेजमेकरमध्ये (पानं मांडायचा जुना प्रोग्रॅम) असेल तर आणखी एक गोष्ट: त्याच्या जागी आलेलं आजचं इनडिझाइन त्या फायली उघडत नाही, उघडणारी शेवटची आवृत्ती सीएस६.

टॅलीची मॅक आवृत्ती नाही. टॅलीप्राइम क्लाउडवर भाड्याने घेऊन ब्राउझरमध्ये चालवता येतं, पण दोन दुकानांसाठी दर वर्षी तो खर्च करायचा का, हे तुम्ही ठरवा. जीएसटीचं पोर्टल मॅकच्या ब्राउझरमध्ये चालतं. दुकानं एकट्याच्या मालकीची (प्रोप्रायटरशिप) असतील तर मोबाइलवरच्या ओटीपीने, म्हणजे ईव्हीसीने, रिटर्न भरता येतं आणि डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा प्रश्नच येत नाही. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सही लागते. तेव्हा तुमच्या नेमक्या टोकनचा मॅक ड्रायव्हर मिळतो का, हे टोकन देणाऱ्याला खरेदीआधी विचारा.

व्हॅलोरंट मॅकवर नाही, लिनक्सवरही नाही. मुलाचं कोडिंग मात्र तिन्हीकडे सारखंच चालेल. पायथन आणि सी++ शिकायला मॅकच लागतो असं कोणी सांगितलं असेल तर सोडून द्या.

प्रिंटरचीही मॅकशी अडचण आहे. एलबीपी २९०० मध्ये एअरप्रिंट (मॅकवरून ड्रायव्हरशिवाय छापायची सोय) नाही. तो ‘कॅप्ट’ नावाच्या कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतो आणि पान मांडण्याचं बरंचसं काम कॉम्प्युटरवर टाकतो. म्हणजे सगळं ड्रायव्हरवर अवलंबून, आणि नव्या मॅकच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. ६४ बिटच्या विंडोजवर तो अजून निमूट छापतो. मॅकसाठी नवा प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंट लिहिलंय का तेवढं बघा.

मॅकची किंमत काढताना नुसत्या डब्याची काढू नका. एम४ मिनी २०२४ च्या अखेरीस भारतात ५९,९०० रुपयांपासून आला, त्यात १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी जागा. कीबोर्ड, माउस, मॉनिटर त्यात नसतो. जुनं चौकोनी यूएसबी त्यावर एकही नाही: पुढे दोन यूएसबी-सी, मागे तीन थंडरबोल्ट, एक एचडीएमआय आणि लॅनचं भोक. तुमचा कीबोर्ड, माउस, पेन ड्राइव्ह आणि प्रिंटर या सगळ्यांसाठी हब लागेल. रॅम नंतर वाढत नाही. १ टीबीवरचे फोटो २५६ मध्ये मावणार नाहीत, म्हणजे बाहेरची डिस्क आली. आणि विंडोजवर एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. ‘कॉपी होत नाही, डिस्क खराब आहे’ ही नव्या मॅकवाल्यांची तक्रार निम्म्या वेळा हीच असते. दोन्हीकडे वापरायची डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी, अर्थात आतला माल आधी दुसरीकडे हलवून.

मॉनिटरकडे दुकानदार लक्ष वेधत नाही. मॅकओएसने २०१८ पासून अक्षरांच्या कडा साध्या स्क्रीनवर धारदार दाखवण्याची जुनी युक्ती काढून टाकली. विंडोजमध्ये ती क्लिअरटाइपच्या रूपाने आहे. त्यामुळे १९२०×१०८० च्या मॉनिटरवर तोच मजकूर मॅकवर थोडा पुसट दिसतो. इंग्रजीत चालून जातं, मराठीत अनुस्वार, रफार आणि मात्रा आधीच बारीक, तिथे डोळे लवकर शिणतात. भावाकडचा मिनी छान दिसला असेल, तर त्याला कुठला मॉनिटर लावलाय ते विचारा. २७ इंची ४के असेल तर फरक तिथलाच आहे.

मराठी टायपिंगची काळजी नको. कीबोर्ड सेटिंग्जमधल्या इनपुट सोर्समध्ये मराठी किंवा देवनागरी जोडली की झालं, इनस्क्रिप्ट येणाऱ्याला काही नवं शिकावं लागत नाही. फाँटही चांगले येतात. त्यात ‘श्री देवनागरी ७१४’ असं नाव दिसलं की वडिलांना आनंद होईल, पण तो युनिकोड फाँट आहे, जुन्या फायली त्याने उघडणार नाहीत.

बोटांच्या सवयी दोन आठवड्यांत बदलतात. कंट्रोलच्या जागी कमांड. फाइल कट करायची तर कमांड-सी करून पुढे कमांड-ऑप्शन-व्ही. एंटर दाबलं की फाइल उघडत नाही, नाव बदलायला लागते. खिडकी बंद केली म्हणून प्रोग्रॅम बंद होत नाही.

जुना इंटेलवाला मॅक स्वस्तात मिळतोय म्हणून त्यावर बूट कॅम्प टाकायचा विचार आला असेल, तर नको. मॅकओएस २६ ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती आहे. एका मुदत संपलेल्या मशीनवरून दुसऱ्यावर जायला पैसे कशाला?

तुमच्या जागी मी विंडोज ११ चा साधा डेस्कटॉप घेईन: बाराव्या पिढीचा आय३ किंवा रायझन ५ ५६००जी, ८ जीबीच्या दोन काड्या मिळून १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी. मॉनिटर, कीबोर्ड, प्रिंटर जुनेच चालतील. फक्त मॉनिटर व्हीजीएचा असेल तर नव्या बोर्डावर ते भोक आहे का बघा. आणि दुसरा डबा आला तरी स्क्रीन एकच असेल, तर वडिलांसाठी वापरलेला मॉनिटर बघून ठेवा.

असेंबलरकडून घेताना विंडोजचं बिल वेगळं मागा. घरी आणल्यावर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘slmgr /dli’ लिहून एंटर द्या. येणाऱ्या चौकटीत ‘रिटेल’ किंवा ‘ओईएम’ दिसायला हवं. ‘व्हॉल्यूम केएमएस’ दिसलं तर ते घरासाठीचं लायसन्स नाही, बहुधा क्रॅक केलेलं आहे, मशीन तसंच परत न्या.

टॅली हलवताना क्रम चुकवू नका. जुन्या मशीनवर ऑल्ट-वाय दाबून डेटाच्या मेनूतून दोन्ही कंपन्यांचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या. नव्या मशीनवर टॅली टाकून रिस्टोअर करा आणि दोन्हीकडचा ताळेबंद समोरासमोर ठेवून जुळवा. जुळला की मग जुन्यावर एफ१ मधल्या लायसन्सच्या भागात जाऊन लायसन्स सरेंडर करा, म्हणजे त्या मशीनवरून सोडवा, आणि नव्यावर सुरू करा. सरेंडरला इंटरनेट लागतं, म्हणून वडिलांच्या मशीनची लॅन वायर त्यानंतरच काढा.