सांगलीतल्या दुकानाच्या मेलवर जाहिरातींचा मारा होतोय; अनसबस्क्राइब करावं का?

पाठवणारा ओळखीचा असेल, म्हणजे तिथे कधी खरेदी केली असेल किंवा खातं उघडलं असेल, तर बिनधास्त करा. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी अनसबस्क्राइब दिसतं, तेच दाबा. जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना २०२४ पासून ही एका क्लिकची सोय सक्तीची आहे. दोन दिवसांत मेल थांबायला हवेत.

अनोळखी मेलचं मात्र वेगळं. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीला परदेशी लॉटरी लागल्याचा मेल आला, तर तळाच्या लिंकला हातही लावू नका. पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं आणि मेल आणखी वाढतात. थेट 'स्पॅम' म्हणून रिपोर्ट करा. अनसबस्क्राइबसाठी पासवर्ड किंवा ओटीपी मागणारं पान तर बहुधा फसवणुकीचंच, लगेच बंद करा.